दोन थरांमधली रेघ

हौसराव कासुर्डीचा. बाप मेंढरं राखायचा. हा कुरकुंभच्या एका कारखान्यात माझ्याच पाळीत ऑपरेटर होता. अंगानं दणकट, पण कुठलाही व्हॉल्व्ह उघडण्याआधी पालथ्या हातानं पाइप चाचपायचा. पोरं त्याला भित्रा म्हणत. तो म्हणायचा, "भ्या वाटतंय म्हणून तर रोज घरी जातोय."

१९९७ सालचा दसरा. सकाळी यंत्रांची पूजा होती. मोठ्या बंद भांड्यात तेलासारखं रसायन होतं आणि त्यात वरच्या टाकीतून ॲसिडची बारीक धार चालू होती. आतला पंखा दोन्ही घुसळत राहतो, म्हणून ॲसिड पडेल तसं जिरतं. मोटरीला हार घालायचा म्हणून कोणीतरी पंखा बंद केला. धार बंद करायची राहिली.

नारळ फुटला, भंडारा उधळला. रिवाजाप्रमाणे पाळीतले थोरले सोपानराव पंख्याचं हिरवं बटण दाबायला पुढं झाले. हौसरावनं भांड्याच्या काचेतून आत पाहिलं आणि बटणाला पाठ लावून उभा राहिला.

"अरं, सर की. मुहूर्त टळंल."

"आप्पा, खाली ॲसिड साचलंय. पंखा फिरला तर समदं एकदम भडकंल. आपण कुणी न्हाई उरत."

"हा दसऱ्यालाबी भ्याला!" मागून कोणीतरी हसलं.

सोपानरावांनी काचेला डोळा लावला. मग हात मागं घेतला.

धार बंद केली. बाकीचे गेटबाहेर गेले. साचलेलं ॲसिड खालच्या थंड पाण्याच्या टाकीत सोडायचं होतं. हौसराव खाली व्हॉल्व्हपाशी गेला, मी वर काचेपाशी राहिलो.

दोन थरांमध्ये सुरीनं कापल्यासारखी रेघ होती. त्यानं व्हॉल्व्हचं चाक फिरवलं. खालच्या ओढीनं रेघ मधोमध खचली. तिच्यावर लाटा उठल्या, एकमेकींवर वळल्या, आणि वरचं तेल बोटांसारखं खाली ॲसिडात शिरू लागलं. शिरलं तिथं फेस आला. तापमानाचा काटा चढला.

"हौसराव, रेघ फाटतीय!"

"वरडू नगंस. कुठवर आलंय ते सांग."

"वीतभर खाली!"

झटक्यात बंद केलं असतं तर त्या हिसक्यानं रेघ पुरती मोडली असती. तो खांदा लावून चाक केसाकेसानं मागं आणू लागला. लाटा बसल्या. काटा थांबला.

मग पुन्हा केसभर उघडलं. रेघ थरथरली की मी सांगायचो, तो आवळायचा. चाक फिरवायला फारशी ताकद लागत नव्हती. सगळी ताकद ते जास्त फिरू न देण्यात जात होती.

ऊन कललं तेव्हा खालच्या नळीच्या काचेत त्याला तेल दिसलं. त्यानं व्हॉल्व्ह बंद केला.

"झालं का?" मी विचारलं.

"ॲसिड गेलं."

"मग ये की वर."

"हात सुटंना."

मी खाली उतरलो. त्याची बोटं चाकावर आखडली होती. एकेक करून सोडवावी लागली. अंगठ्याला सर्वांत जास्त जोर लागला.

"हळू की लेका," तो म्हणाला. "दुखतंय."