सात हजारांची गाळणी

माझ्या आईने माझे सात हजारांचे बूट चहाच्या गाळणीवर दिले. तिची यात काहीही चूक नव्हती.

बूट घोट्याच्या वर जाणारे, लाल-पांढरे, जुन्या जमान्यातले बास्केटबॉलपटू घालत तसे! कॉलेजच्या संघात मी चार वर्षं राखीव खेळाडू होतो (म्हणजे पाण्याच्या बाटल्या माझ्याकडे राखीव असत). आता बावन्नाव्या वर्षी आमचा तोच संघ रविवारी पुन्हा खेळणार होता, आणि या वेळी मी मैदानात उतरणारच होतो.

"दिसतात झकास," बायको म्हणाली, "पण चावतात ना? आणि सात हजार!"

"अजिबात चावत नाहीत!" मी लंगडत म्हणालो.

आईने फक्त पिवळट सोल पाहिले. "अरे, दुकानदाराने जुने गळ्यात मारले तुझ्या!"

"आई, ही रेट्रो स्टाइल आहे. मुद्दाम जुने दिसतील असे बनवतात."

"मुद्दाम?" आईला दुकानदाराचा जास्तच राग आला.

रविवारी दुपारी हाफपँट आणि वाढदिवसाचा नवा शर्ट चढवून बघतो, तर बूट गायब! आई नवी गाळणी पुसत होती. "बोहारीण आली होती. तेवढंच वसूल केलं बघ!"

मी गाळणी हिसकावली आणि अनवाणी पळत सुटलो. पंचवटीच्या भाजीबाजारात बोहारणीला गाठलं.

"मावशी, गाळणी घ्या, बूट द्या!"

"आमी बूट घेतच नाय दादा. आजी लय मागं लागल्या म्हणून घेतले." मग तिची नजर माझ्या शर्टावर गेली. "ह्यो द्या, मग न्या."

बायकोने दिलेला शर्ट! मी डोळे मिटून बटणं सोडली.

"शर्ट भारी हाय. गाळणी ऱ्हाऊ द्या तुमालाच," ती खूश होऊन म्हणाली.

बनियन, हाफपँट, लाल बूट अशा थाटात मी थेट मैदानावर पोचलो. "अरे, हा तर पूर्ण गणवेशात आलाय!" म्हणत कॅप्टनने मला पहिल्यापासून खेळवलं. आणि मी बास्केट टाकली! चक्क समोरच्यांच्या जाळीत! काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं. (थोडं बूट चावल्यामुळेही आलं. पाचव्या मिनिटाला मी बाहेर बसलो.)

सामना संपल्यावर चहा उकळला आणि लक्षात आलं, गाळणी कुणीच आणलेली नाही. मी शांतपणे हाफपँटच्या खिशात हात घातला. इतक्या वर्षांत संघाचं माझ्यावाचून अडलं ते त्या दिवशी पहिल्यांदाच!