घराला कुणीतरी हवं

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घराला कुलूप लावायचं नाही, लक्ष्मी दारावरून परत जाते, असं आमची आई म्हणायची. त्यामुळे पूजा आटोपून सगळे फ्रीगंजच्या बाजारातली लाइटिंग बघायला निघाले, की कुणाला तरी मागे राहावं लागे. ते कुणीतरी म्हणजे मी.

वडील बँकेच्या नोकरीत जळगावहून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. मी थोरली, भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. सव्विसाव्या वर्षी माझा साखरपुडा झाला आणि दोन महिन्यांत मोडला. मुलाकडच्यांनी कारण सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्या दिवाळीला आई म्हणाली, "तू राहशील का ग घरी? घराला कुणीतरी हवं." मला बरंच वाटलं. लोकांना तोंड दाखवायचं नव्हतंच. पण पुढल्या वर्षीही तेच झालं, त्याच्या पुढल्या वर्षीही. मग कुणी विचारेनासंच झालं. माझं लग्न झालं नाही, मी सरकारी शाळेत शिकवायला लागले, घरात भावजय आली, भाची झाली, वडील गेले. दर दिवाळीला मंडळी नवे कपडे घालून पायी निघायची आणि मी पुढच्या खोलीत दार उघडं टाकून बसायची.

लाइटिंग मी कधी बघितलीच नाही असं नाही. बाजारहाटाला जाताना दिसायचीच. पण पूजेनंतर सगळ्यांनी मिळून जायचं, ओळखीचे लोक भेटायचे, रबडी खायची, ते वेगळं. परत आल्यावर आई माझ्या हातात कचोरीचा पुडा द्यायची आणि म्हणायची, "काही नाही ग, तीच लाइटिंग दर वर्षीची. पाय दुखले उगाच."

मला ते खरं वाटायचं.

एका दिवाळीला मला डेंग्यू झाला आणि ऐन सणात दवाखान्यात राहावं लागलं. भाऊ दुपारी फराळाचा डबा घेऊन आला. म्हणाला, "आईला संध्याकाळी यायचं होतं, पण घर सोडता येत नाही ना आज." बरोबरच होतं. त्या संध्याकाळी सलाईनकडे बघत मी पडून होते आणि आपल्यामुळे आईची अडचण झाली म्हणून मलाच वाईट वाटत होतं.

आई जाऊन आता दोन वर्षं झाली. मागच्या दिवाळीलाही भाऊ, भावजय आणि पुण्याहून आलेली भाची लाइटिंग बघायला गेली आणि मी घरी थांबले. सवयच ती. थोड्या वेळाने फोन वाजला. भाचीने घरच्या ग्रुपवर जुने फोटो टाकले होते, "आजीसोबतची दिवाळी" असं लिहून. फ्रीगंजच्या घड्याळाच्या टॉवरसमोर, मागे निळ्या-पिवळ्या दिव्यांच्या झालरी, पुढे भाऊ, भावजय, फ्रॉकमधली भाची आणि मधोमध आई. हसत होती. अंगावर उज्जैनजवळच्या भैरवगढच्या छापाची मरून साडी. ती साडी मीच तिला त्या वर्षी घेतली होती, मी आजारी पडायच्या आठवडाभर आधी. फोटोखाली तारीखही होती. मी दवाखान्यात होते ती दिवाळी.

मंडळी परत आली. त्यांनी चपला काढायचीही मी वाट पाहिली नाही. भावाला फोन दाखवला.

"हा फोटो माझ्या डेंग्यूच्या वर्षीचा ना? मग घरी कोण होतं?"

त्याने निरखून पाहिलं. "कोणी नाही. ताला लावून गेलो असू."

"लक्ष्मीपूजनाला?"

"अर्ध्या तासाचं तर काम होतं ताई. आईच म्हणाली, चला. तू पण ना, कुठल्या कुठल्या गोष्टी काढतेस."

भावजय म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणाला असतात तर मी थांबले असते." तीस वर्षांत ती हे पहिल्यांदाच म्हणत होती. भाची हळूच म्हणाली, "आत्या, उद्या आपण दोघी जाऊ." मी म्हटलं, "नको. मी एकटी जाईन."

पाडव्याला दिवे लागल्यावर मी नवी साडी नेसले आणि ई-रिक्षाने फ्रीगंजला गेले. गर्दी होती, धूळ होती, एका दुकानाबाहेर डीजे कानठळ्या बसवत होता. झाडांच्या बुंध्यांना, खांबांना, दुकानांच्या पाट्यांना झालरी गुंडाळलेल्या. लोक एकमेकांना ढकलत फोटो काढत होते. मी टॉवरपाशी उभी राहिले. खरोखरच काही नव्हतं त्यात. आई खोटं बोलली नव्हती, निदान लाइटिंगबद्दल तरी.

तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली. मराठी समाजाच्या गणपतीत भेटणाऱ्या, आईच्या बरोबरीच्या एक काकू होत्या.

"अग, तू? बरी आहेस ना आता?"

"मला काय झालंय काकू?"

"ते डोक्याचं ग. दिव्यांचा झगमगाट सोसत नाही ना तुला? मी दर वर्षी विचारायची, लेक कुठेय? तुझी आई सांगायची, तिचं डोकं बरं नसतं, गर्दीत आणलं की त्रास होतो. फार काळजी करायची बिचारी तुझी."

"डोकं बरं नसतं" हे त्या ज्या मायेने म्हणाल्या, त्यावरून त्यांना नुसती डोकेदुखी म्हणायची नव्हती हे मला कळलं. साखरपुडा का मोडला, पुढे लग्न का नाही, या सगळ्याचं उत्तर आईने लोकांना देऊन टाकलं होतं. त्याने तिचे प्रश्न मिटले. शहरातल्या निम्म्या मराठी घरांत मी वेडी ठरले होते, आणि तिथल्याच मुलांना मी शाळेत गणित शिकवत होते.

"आता बरी आहे," मी काकूंना म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

घरी आल्यावर भावाला हे सांगितलं. टीव्हीवरची नजर न काढता तो म्हणाला, "आई आता नाही. आता काय उपयोग?" म्हणजे त्यालाही माहीत होतं.

यंदा आईच्या श्राद्धाचा सगळा स्वयंपाक मी केला. खीर, वडे, भाज्या. तिला आवडायची म्हणून दर वेळी करते ती आमसुलाची चटणी तेवढी केली नाही. भावाने पानावर बसल्यावर विचारलं. मी म्हटलं, विसरले.

विसरले नव्हते.