वायरीतली शेळी

मुरूम गावात गौराबाईंशी वाकड्यात जायची कुणाची छाती नव्हती. गिरणीवाला त्यांचा डबा रांगेत पुढं घ्यायचा, आणि उमरग्याच्या एसटीत त्या चढल्या की कुणीतरी मुकाट्यानं उठून खिडकीची जागा द्यायचं. अशा बाईला उभ्या जन्मात एकाच ठिकाणी कुणी भीक घातली नाही. ते ठिकाण म्हणजे टेलिफोन कंपनीचं मदत केंद्र.

भानगड अशी होती. गौराबाईंची सून शिवलीला घरात बसून पुण्याच्या एका क्लासच्या मुलांना गणित शिकवायची. मोबाइलची रेंज त्यांच्या गल्लीत फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. फायबरची केबल पेठेपर्यंत येऊन तिथंच अडली होती. म्हणून घरच्या जुन्या टेलिफोनच्या वायरीवरूनच नेट घेतलेलं. फोनच्या आधी एक पांढरी डबी बसवली होती. बोलणं एकीकडं आणि नेट एकीकडं, असं वेगळं करायचं तिचं काम. एवढं करूनही फोन वाजला की नेट जायचं. मॉडेमचा दिवा लाल व्हायचा आणि शिवलीला बेरीज सांगता सांगता मुलांच्या पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजायची.

क्लासच्या मालकांनी शेवटी निरोप धाडला, की नेट नीट करा, नाहीतर पुण्याला येऊन शिकवा. मुलगा सिद्धाराम आधीच पुण्यात नोकरीला होता, शनिवारचा तेवढा यायचा. सून तिकडं गेली की तो तरी कशाला येईल? मग घरात उरणार कोण, तर गौराबाई आणि भिंतीवर फोटोतले महांतप्पा, दोन वर्षांमागं गेलेले त्यांचे यजमान. एकटीपुरती भाकरी थापायची, या विचाराचीच गौराबाईंना भीती वाटायची. पण भीती वाटली म्हणून डोळ्यांना पदर लावणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. भीती वाटली की त्या चिडायच्या.

त्यांनी मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तपासून तुम्हाला उलटा फोन करते. तसा तो आलाही. फोन वाजला आणि दिवा लाल झाला.

"मॅडम, तुमचा मॉडेम बंद दिसतोय. आधी तो चालू करा."

"अगं बाई, तू फोन केलास म्हणून तो बंद पडला. त्येच तर सांगाय लागलेय मी."

"मॅडम, मॉडेम चालू असल्याशिवाय आम्हाला तपासता येत नाही."

असं तीनदा झालं. रोग झालाय म्हणून डॉक्टरकडं जावं आणि त्यानं बरे होऊन या म्हणावं, त्यातली गत. वर गच्चीवर शिवलीलाच्या मोबाइलवर मेसेज येऊन पडला, 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.' टाकीला धरून गौराबाईंनी तो सुनेकडून दोनदा वाचून घेतला.

"निवारण झालं म्हणं. कुणाचं झालं? यांच्या डोक्यावरची ब्याद गेली, एवढंच झालं."

शिवलीलानं आपल्या परीनं शोध चालवला. क्लासच्या आधी तिनं फोनची पिनच भिंतीतून उपटून ठेवली. तरी पाच वाजले आणि नेट गेलं. पाचला कोण फोन करतं, हे उघड होतं. चहाच्या सुट्टीत सिद्धाराम रोज आईला फोन करायचा. शिवलीला चाचरत म्हणाली, "आत्या, त्यांना थोडे दिवस फोन करू नका म्हणून सांगू का?"

"लेकरानं आईला फोनबी करायचा न्हाय व्हय? कंपनीचं तळपट होवो," असं म्हणून गौराबाईंनी हो म्हटलं. फोन थांबला. आणि दुसऱ्याच दिवशी, फोन वाजला नाही, काही नाही, तरी पाचच्या सुमाराला दिवा लाल. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशीही तेच. मुलाचा आवाज गेला तो गेला आणि नेटही गेलं. आता मात्र गौराबाईंचं डोकं फिरलं. भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून त्या टेलिफोन ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसल्या, आणि माणूस बरोबर दिल्याशिवाय उठणार नाही म्हणाल्या.

माणूस मिळाला. रणधीर नावाचा लाइनमन, मूळचा ढोकीकडचा, आजूबाजूच्या सगळ्या गावांच्या लाइनी एकट्याच्या गळ्यात पडल्यामुळं कायम वैतागलेला. त्यानं मॉडेम बदलून पाहिला, डबी बदलून पाहिली. मग म्हणाला, "पाचला तुमच्या पोराला फोन करू द्या. माझ्या डोळ्यांनी बघतो." शिवलीलानं त्या दिवशी क्लासला रजा टाकली आणि गच्चीवर जाऊन नवऱ्याला कळवलं.

फोन वाजला. दिवा लाल झाला. गौराबाई मुलाशी बोलायला लागल्या, आणि रणधीरनं दाराबाहेर, वायर घरात शिरते तिथं, आपला तपासणीचा फोन जोडून कानाला लावला. ऐकता ऐकता त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आजी, तुमच्याकडं शेळी हाय का?"

"आमच्याकडं न्हाय. भितीपल्याड नीलम्माकडं हाय. माझा मोगरा तिनंच खाल्ला. दिसभर वरडत असती."

"आत्ता ती भितीपल्याड न्हाय वरडत. वायरीत वरडाय लागलीया. पलीकडं कुणीतरी फोन उचलून बसलंय."

गौराबाईंनी रिसीव्हर खाली ठेवला. त्यांना सगळं आठवलं.

महांतप्पा आणि धाकटा भाऊ शांतलिंग यांची वाटणी झाली तेव्हा घर वाटलं, रान वाटलं, ताटं-वाट्या वाटल्या. फोनचा नंबर मात्र एकच. तो कसा वाटायचा? पंचांनी तोड काढली, की वायर भिंतीवरून पलीकडं न्यायची आणि दोन्हीकडं एकेक फोन ठेवायचा. सलग वाजला तर थोरल्यांचा. एकदा वाजून थांबला आणि पुन्हा वाजला तर धाकट्यांचा. सगळ्या सोयऱ्यांना हा कायदा पाठ होता. पुढं शांतलिंग वारले, आणि त्यांच्या माघारी सिद्धारामचं लग्न झालं. आहेराच्या वेळी शांतलिंगांच्या बायकोचं, नीलम्माचं, नाव पुकारायचं राहिलं. नवरा गेला म्हणून मला गाळलं, असं तिच्या मनानं घेतलं आणि ती भरल्या ताटावरून उठून गेली. भर मांडवात शोभा झाली म्हणून गौराबाई पेटल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला बजावलं, ती वायर आधी तोडा. महांतप्पांनी शिडी लावली, वर चढले, खाली उतरले आणि म्हणाले, तोडली. तेव्हापासून दोघी जावांत शब्द नव्हता.

गौराबाईंनी फोटोकडं पाहिलं. "तोडली म्हणालात न्हवं?" फोटोतले महांतप्पा नेहमीसारखे समोर बघत राहिले.

रणधीर म्हणाला, "तिकडच्या फोनाला डबी न्हाय. त्यो वाजला का उचलला की नेट बसतंय. वायर तोडतो, मिनिटाचं काम हाय. न्हायतर तिकडंबी डबी लावाय लागंल, पर मग त्या घरात जावं लागतंय."

"तोडा," गौराबाई म्हणाल्या. रणधीर शिडीकडं वळला तसं त्या चप्पल पायात सरकवत म्हणाल्या, "थांबा जरा. आधी तिला चार शब्द सुनावून येते. मग तोडा."

नीलम्माच्या ओसरीवर खांबाला शेळी होती. शेजारी स्टुलावर तो जुना फोन, त्यावर लोकरीनं विणलेलं झाकण, धुळीचा कण नाही. नीलम्मा दाणे निवडत बसली होती. जावेला दारात पाहून तिच्या हातातलं सूप कलंडलं.

"आमचं बोलणं चोरून ऐकतीस व्हय गं?"

नीलम्मानं नाही म्हटलं नाही. "तुमचं न्हाय अक्का. सिद्धूचं."

गौराबाईंची नजर शेळीकडं गेली. सिद्धाराम अंगावर पीत होता तेव्हा त्या विषमज्वरानं अंथरुणाला खिळल्या होत्या. पोराला शेळीच्या दुधावर जगवलं होतं ते या बाईनं. चालायला लागेपर्यंत तो तिच्याच कुशीत निजायचा.

"मधी चार रोज त्याचा फोन न्हाय आला," नीलम्मा म्हणाली. "पाचला उचलून बघत होते, मशीनच मेलं का काय म्हणून. त्याला बरं न्हाय का, काय झालं, मी इचारायचं कुणाला?"

गौराबाईंना भयंकर राग आला. कंपनीचा आला, खोटं बोलून गेलेल्या नवऱ्याचा आला, आणि समोर मान खाली घालून बसलेल्या या बाईचा तर सगळ्यात जास्त.

"इतकी वर्सं कानाला लावून बसलीस, आन् एक शबुद तोंडातनं काढला न्हाईस?"

"तुमी कुटं बोलू दिलंत अक्का."

गौराबाई भिंतीकडं वळल्या आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ओ लाइनमन, वायरीला हात लावू नका. डबी घेऊन हिकडं या."

दुसऱ्या दिवशी पाचला फोन वाजला. आतल्या खोलीत शिवलीलाची बेरीज न अडखळता चालू होती आणि मॉडेमचा दिवा हिरवाच होता. गौराबाईंनी रिसीव्हर उचलला.

"अव्वा, नेट झालं का नीट?" सिद्धारामनं विचारलं.

 त्या कान देऊन थांबल्या. शेळी ओरडली.

"नीले, उचललंस न्हवं? मग तोंड शिवलंय का तुझं? बोल की."

 मग पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "सिद्धू, चहा घेतलास का रं?"

"चिगव्वा?" सिद्धाराम म्हणाला. धाकट्या चुलतीला तो लहानपणापासून याच नावानं हाक मारायचा. "चिगव्वा, तू हाईस व्हय?"

गौराबाईंना पुष्कळ बोलायचं होतं. पण त्यांनी रिसीव्हर तसाच कानाला धरला आणि त्या गप्प बसून दोघांचं बोलणं ऐकत राहिल्या.