आधी दिसलं असतं का?

मी नानाजी. आर्वीत एसटी डेपोमागं माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. चाळीस वर्षं जळालेल्या मोटरींत नवी तार भरून राह्यलो, म्हणून मले वाटते का आपल्याले सगळंच समजते. तोंडही जरा फटकळच आहे.

शेजारच्या कांताबाईचा रत्नदीप बाहेरगावी पेटंटच्या सरकारी हापिसात साहेब. कोणाचा शोध खरंच नवा आहे, का कोण्याही कारागिराले सहज सुचला असता, हे तो ठरवते. एकुलता एक, लग्न नाई केलं. जानेवारीत कांताबाई किडनीच्या आजारानं गेली. जलदानविधी झाला, पाहुणे पांगले, अन् रत्नदीप लॅपटॉप घेऊन त्या रिकाम्या घरात एकटाच काम करत बसला. दुपारी ताट घेऊन माझ्या दुकानात यायचा. एकट्यानं घास उतरत नाई म्हणे.

विधीच्या दिवशीच मी त्याले सुनावलं होतं, का आईच्या पायावरची सूज तं उघड दिसत होती, दिवाळीत आला तवा तुले कशी दिसली नाई? तेव्हापासून त्याचं बोलणंच आटलं.

एक दिवस जेवता जेवता त्यानं एक अर्ज समजावून सांगितला. कॉम्प्युटरच्या डिस्कवर माहिती लिहिणारं इवलंसं हेड असते. त्याच्या तारेभोवती असा थर लावला, का करंट अडते पण उष्णता निघून जाते. तोच पदार्थ आधी दुसऱ्या कोण्या यंत्रात वापरलेला होता. म्हटलं, हात्तिच्या, त्यात काय मोठं? नामंजूर कर.

त्यानं विचारलं, हा अर्ज वाचलाच नसता अन् हेड तापून राह्यलं असतं, तं तुम्ही काय केलं असतं? खरं सांगतो, मी इन्सुलेशनचा कागद अजून जाड केला असता, अन् उष्णता कोंडून हेड अजूनच तापलं असतं.

"उत्तर माहीत झाल्यावर सगळंच उघड वाटते, काका," तो म्हणाला. "आमच्या कामात तीच चूक करायची नसते. आधी दिसलं असतं का, एवढंच पाहायचं."

कांताबाई रोज माझ्या दुकानासमोरून जायची. तिचे पाय मी रोज पाहत होतो. पण सूज आठवली ते कांताबाई गेल्यावरच. साप गेल्यावर भुई धोपटणारा मी, अन् काठी घातली पोराच्या पाठीत. लाज वाटली मले.

"रत्नदीप, मलेही नव्हतं दिसलं," मी म्हटलं. "उगाच बोललो तुले."

त्यानं ताट बाजूला सारलं.

"तुमची आई नव्हती ती, काका," तो म्हणाला.