मावशींनी ओतून दिलेला डबा

सुगंधामावशींनी धुतलेल्या बाटलीत बघून भांग पाडावा, असं अंधेरीच्या त्या लॅबमध्ये सगळे म्हणत. मावशी मूळच्या मालवणकडच्या, राहायला जोगेश्वरीला. नोकरी टेंपरवारी, पण काचेवर डाग दिसला की चेहरा असा करायच्या, जणू तो घरच्या ताटावरच पडलाय.

साल शहाऐंशी. कारखाना स्टिअरिक ॲसिड बनवायचा. नाव दांडगं, माल साधा. मेणबत्तीत आणि क्रीममध्ये घालतात तो चरबीतला पांढरा, मेणकट पदार्थ. परदेशी गिऱ्हाइकाने घेण्याआधी तीन प्रश्न विचारले. हे पाण्यात गेलं तर वर्षानुवर्षं तसंच राहतं का? माशांच्या अंगात साठतं का? आणि त्यांना मारतं का?

माशांचं खातं मावशींनी न विचारता स्वतःकडे घेतलं. "आमच्याकडे मासो मेलो तर जेवाण, हयसर मेलो तर रिपोर्ट," म्हणत त्या टाकीपाशी तासन् तास उभ्या राहायच्या. एकही मेला नाही. ॲसिड त्यांच्या अंगात साठलंही नाही, पचवून टाकलं पठ्ठ्यांनी.

घोडं अडलं पहिल्या प्रश्नावर. चंद्रप्रकाश हा नवा केमिस्ट. त्याने ॲसिड घातलेल्या पाण्यात नाल्याचं थोडं पाणी मिसळून बाटल्या घट्ट बंद केल्या होत्या. नाल्यातले जंतू ॲसिड खाणार, खाताना पाण्यातला प्राणवायू कमी होणार, हा हिशेब. दोन आठवडे झाले, प्राणवायू जागचा हलेना.

"जंतू तोंडच लावत नाहीत, मावशी," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी तांबेसाहेबांना लिहून देतो, हा पदार्थ टिकून राहतो. ऑर्डरची वाट लागली."

"नाल्याचे जंतू तू आणलंस कुठून?"

"खिडकीत काळ्या पाण्याचा डबा नव्हता का? जंतू जगावेत म्हणून हवेच्या बुडबुड्यांची नळी सोडलेला."

मावशींच्या हातातला ब्रश थांबला.

तो डबा! बाटल्या भरायच्या सकाळी त्याला असा वास मारत होता की त्यांनी नाक दाबून तो मोरीत ओतला, सोड्याने घासला, नळाच्या पाण्याने काठोकाठ भरला आणि नळी होती तशी परत सोडली. वर स्वतःलाच शाबासकी दिली होती.

कुणी बघितलं नव्हतं. लॅब चालवणाऱ्या तांबेसाहेबांनी दिवाळीत कायम करतो म्हटलं होतं. गप्प बसलं तर नोकरी शाबूत. पण त्या बिचाऱ्या ॲसिडने काय वाकडं केलं होतं? शिवाय ह्या पोराचं पहिलंच काम.

"जंतू मी ओतलंय, रे," त्या म्हणाल्या. "तू बघूक नाय? पाणी स्वच्छ होता ना."

"मला वाटलं, गाळ खाली बसला." चंद्रप्रकाश खुर्चीत बसला आणि हसत सुटला. "आता जाऊ द्या. साहेबांना सांगू नका."

दुपारी मावशी पदर खोचून स्वतः नाल्यावर गेल्या आणि त्यातलं सगळ्यांत घाण पाणी निवडून आणलं. भाजी निवडावी तसं. डबा आणि बाटल्या पुन्हा भरल्या. आठवड्यात प्राणवायू धडाधड खाली आला. जंतूंनी ॲसिडवर ताव मारला होता.

शनिवारी तांबेसाहेबांनी कागद चाळले. "आणि ह्या पहिल्या बाटल्या?"

"त्या जंतूंशिवाय, साहेब. मुद्दाम, तुलनेसाठी," चंद्रप्रकाश पटकन म्हणाला.

"मुद्दाम नाय, साहेब," मावशी दारातूनच म्हणाल्या. "घाण म्हणून मी ओतलंय."

साहेबांनी चष्मा काढला. "चार वर्षं ओरडतोय मी, जंतूंशिवायच्याही बाटल्या लावा, म्हणजे प्राणवायू जंतूंनीच संपवला हे पटेल, म्हणून. कुणी मनावर घेईल तर शपथ. जे झालं ते तसंच लिहा, चंद्रप्रकाश. मावशी, दिवाळीपर्यंत कशाला थांबायचं? सोमवारी तुमचा अर्ज आणा."

सोमवारी अर्जाआधी मावशींनी खिडकीतला काळ्या पाण्याचा डबा गाठला. नाक आत घातलं, दीर्घ श्वास घेतला आणि समाधानाने मान डोलावली.

"वास येता," त्या चंद्रप्रकाशला म्हणाल्या. "जिवंत आसत सगळे."