कोंड्याच्या मोलाचा ड्रायव्हर

उकंडा हे काही टोपणनाव नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर, लायसनवर, लग्नपत्रिकेत सगळीकडं उकंडाच. चांगुणाबाईची आधीची लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून हे झाल्याबरोबर तिनं ते घरामागच्या उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर नेऊन टाकलं. तांड्यावरच्या नीलाबाईनं उचललं आणि चांगुणाबाईनं सुपभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घेतलं. आमच्या जवळा बाजार भागातली ही जुनी रीत. कोंड्याच्या भावात मिळालेल्या लेकराकडं मृत्यू ढुंकून पाहत नाही म्हणतात.

चांगुणाबाईनं ही रीत बारशापुरती ठेवली नाही, जन्मभर पाळली. पोराला नवा सदरा नाही, बोटात मुंदी नाही, कौतुकाचा शब्द नाही. कोणी म्हटलं, "पोरगं गुणाचं आहे हो," की ही लगेच, "कशाचं गुणाचं, निस्ता कचरा हाय." लग्नात नवरदेव चुलतभावाचे धुतलेले कपडे घालून उभा राहिला आणि नवरी शालूबाई ते बघून रडली. नवरा गेल्यावर चांगुणाबाई स्वतःही तशीच राहिली, विटकं लुगडं आणि उघडा गळा. मी फाट्यावरचा चहावाला प्रभू, तोंडाचा फटकळ. एकदा तिला म्हटलं, "माय, आता यमसुद्धा म्हातारा झाला असंल, पोराला एक बरा सदरा घे." ती चहा तसाच ठेवून उठून गेली.

पण उकंडा खरंच मरत नव्हता. नव्वदच्या सुमाराला तो ड्रायव्हर झाला. त्याची जीप नाल्यात उलटली, सगळ्यांची हाडं मोडली, हा चप्पल शोधत बाहेर आला. पुढं ट्रकच्या टपावरून पडला तो नेमका कापसाच्या गंजीवर. लोक हसायचे, "याला यम बघतच न्हाई." तोही हसायचा. मनानं लोण्यासारखा माणूस. कोणाची म्हातारी दवाखान्यात न्यायची असली तर जेवणावरून उठायचा.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात जिनिंगवाल्या शिवहाररावांनी अमेरिकन गाडी आणली. दिल्लीतल्या कुठल्याशा वकिलातीच्या साहेबाकडून आलेली, दोन दारांची, लांब नाकाची, आणि स्टेअरिंग डावीकडं. चालू केली की माझ्या टपरीतल्या बशा थरथरायच्या. असल्या गाड्यांना मसल कार म्हणतात, म्हणजे पहिलवान गाडी. मुळात त्या कमी पैशात जास्त जोर पाहिजे असलेल्या पोरांसाठी निघाल्या. ही मात्र त्यातली महागडी. ब्रेक वेगळे, स्प्रिंगा वेगळ्या, का तर तिनं युरोपातल्या गाड्यांची बरोबरी करावी.

शिवहाररावांचे मित्र नांदेडचे एक डॉक्टर, त्यांच्याकडं जर्मन कूपे, तीही दोन दारांचीच. दोघांचा वाद माझ्याच बाकावर रंगला.

"अहो, अमेरिकन गाडी म्हणजे रेडा," डॉक्टर म्हणाले. "सरळ रस्त्यावर कोणाला ऐकत नाही, वळणावर मात्र आडवा पडतो. एवढे पैसे घालायचे होते तर माझ्यासारखी का नाही घेतलीत?"

"ते पैसे वळणासाठीच घातलेत," शिवहारराव म्हणाले. "पळवूनच बघू की."

ठरलं. औंढ्याच्या बाहेरून निघायचं, माझ्या फाट्यावर थांबायचं. मधे तांड्याजवळ एक वाईट वळण आहे, निकाल तिथंच लागणार. वेळ भर दुपारची, रस्ता सामसूम असतो म्हणून. शिवहाररावांना डावीकडं बसून जमेना, त्यांनी आपल्याच जिनिंगच्या खांबाला गाडी ठोकली होती. म्हणून गाडी उकंडाच्या हातात आली, आणि तो तिच्यावर पार भाळला.

चांगुणाबाईनं मात्र अंथरूण धरलं. "एवढ्या किमतीच्या वस्तूत बसू नको," ती त्याला म्हणाली. "यमाची नजर किमतीवरच असती. तिच्यापायी तू बी दिसशील त्याला."

उकंडा सरावाला रोज निघायचा. समोरून गाडी येताना आपण सवयीनं उजवीकडं ड्रायव्हर बघतो. तिथं कोणीच नसायचं. रखरखत्या उन्हात ती मोकळी सीटच गाडी चालवत आणतीय असं वाटायचं. शेतातल्या बाया लेकरांना पदराआड घ्यायच्या. मला त्यांचं हसू यायचं.

मग ती जागा मोकळी दिसेनाशी झाली. एका दुपारी गाडी टपरीसमोर थांबली, मी दोन चहा घेऊन गेलो. उकंडानं एक घेतला, दुसऱ्याकडं बघितलं आणि विचारलं, "ह्यो कोणाला?"

मी आत वाकून पाहिलं. उजवीकडं कोणी नव्हतं. पण काचेतून मला डोक्याला फडकं गुंडाळलेला माणूस स्पष्ट दिसला होता, त्याशिवाय मी दोन कप भरले नसते. तो चहा मी रस्त्यावरच ओतून टाकला.

"दादा, तुमाला बी दिसला का?" उकंडा हळूच म्हणाला. "मला दिसत न्हाई, पण घंटी वाजून राहिली ना."

या गाडीत अशी सोय होती की बाजूच्या जागेवर माणूस बसला आणि पट्टा लावला नाही तर घंटी वाजते. वजन कळतं तिला. गाडी मोकळी असताना ती वाजत होती. शिवहारराव म्हणाले, उन्हानं बिघडली असेल. उकंडानं मोकळ्या जागेवर पट्टा आवळला तेव्हा ती थांबली. पट्टा कशाला तरी टेकल्यासारखा फुगीर राहिला होता. मी त्याला म्हटलं, सोड ही गाडी. तो म्हणाला, "दादा, जन्मात एक चांगली वस्तू हातात आली. काहून सोडू?" 

ही गोष्ट चांगुणाबाईच्या कानावर गेली. तिनं एकच उपाय काढला, पोराला पुन्हा स्वस्त करायचं. शर्यतीच्या आदल्या दिवशी चाळिशीचा उकंडा, डोक्यात पांढरे केस आलेला, आईच्या समाधानासाठी उकंड्यावर आडवा झाला. थकलेल्या नीलाबाईनं त्याचा हात धरून उठवला. चांगुणाबाईनं कोंड्याचं सूप पुढं केलं. तेवढ्यात ड्रायव्हरला शोधत शिवहारराव आले. त्यांना गंमत वाटली. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी सुपात टाकलं आणि म्हणाले, "कोंड्यात काय देता? माझा ड्रायव्हर लाखमोलाचा आहे!"

मोठा माणूस, मन मोठं, अक्कल तेवढीच लहान. नीलाबाई सूप तिथंच टाकून निघून गेली. चांगुणाबाईचा चेहरा मेणासारखा झाला. "सौदा झाला," ती म्हणाली. "आता मोडत न्हाई." कडं तिनं उचलून कनवटीला लावलं. शिवहाररावांनी परत मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाट्यावर ही गर्दी. आधी आवाज आला, मग धूळ. अमेरिकन पुढं, जर्मन तिच्या शेपटाला. ओरडाओरड झाली. डॉक्टर उतरले आणि त्यांनी शिवहाररावांचा हात हातात घेतला. "मान्य," ते म्हणाले. "वळणात मागं टाकीन असं वाटलं होतं. पण ही रस्त्याला चिकटून राहिली. इतकी किंमत मोजली तर अमेरिकन गाडीही आमच्या पंगतीला बसते." पेढे वाटले गेले.

उकंडा गाडीतच हसत बसला होता. मला जवळ बोलावून म्हणाला, "दादा, औंढ्यापासून घंटी वाजून राहिली होती, पट्टा लावून बी. वळणावर एकाएकी बंद झाली. बाजूचं कोणीतरी उतरल्यासारखी गाडी हलकी लागली बघा." उजव्या जागेवरचा पट्टा सपाट पडला होता. मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या पाठीत धपका घातला.

तेवढ्यात तांड्यावरचा थावरा सायकल हाणत आला. "उकंडा, चल. तुझी माय वळणावर हाय."

आम्ही त्याच गाडीतून गेलो, डॉक्टर मागून. वळणाच्या दगडाला टेकून चांगुणाबाई बसली होती. अंगावर सुनेचा लग्नातला जरीचा शालू, गळ्यात सुनेची सोन्याची एकदाणी, हातात ते कडं. डोळे रस्त्याकडं. डॉक्टरांनी मनगट धरलं आणि सोडलं. ऊन लागलं, म्हणाले.

शालूबाई धावत आली ती रडतच. सकाळी सासूनं पेटी उघडायला लावली होती. शालूबाईनं विचारलं, आत्याबाई, या वयात हे काय? तर म्हणाली, "त्याला किमतीचंच पाहिजेल ना? मंग गाडीच्या आधी मी दिसते त्याला."

शिवहारराव खाली मान घालून उभे होते. उकंडा आईजवळ गेला नाही. तो रस्त्यावरच मटकन बसला आणि माझ्या धोतराचा सोगा घट्ट धरला.

"दादा, मी पाह्यली होती हिला," तो म्हणाला. "माझ्याकडं बघून हसली बी. मला वाटलं, कोण्या मोठ्या घरची बाई बसलीया. मला माय वळखूच आली न्हाई, दादा. मी हॉर्न देऊन पुढं निघून आलो."