‘आज नहीं’ म्हणणारी खिडकी

लिहिण्याचा अधिकार असलेली माणसे या शहरात पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापैकी काहींच्या हाताखाली मी शिकलेही आहे. म्हणून आधीच क्षमा मागते. आयुष्यभर मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवले, दुसऱ्यांच्या वाक्यांचा अन्वय लावला; स्वतःचे वाक्य मात्र रजेच्या अर्जापलीकडे कधी गेले नाही. चौसष्टाव्या वर्षी लेखणी उचलणे हा आगाऊपणा आहे, हे मला कळते. तरीही उचलते, कारण आमच्या खिडकीविषयी दुसऱ्या कुणी लिहून ठेवले आहे, आणि ते अर्धेच आहे.

मंगला गौरीच्या देवळाजवळ, एका गल्लीतल्या वरच्या मजल्यावर मी आणि माझी आत्या राहतो. आमची एकच खिडकी गल्लीवर उघडते. गल्ली इतकी अरुंद की ऊन दिवसातून फार तर तासभर येते, आणि तो तासभर आत्या खिडकीत पाट टाकून वाती वळत बसते. मधले काही आठवडे सोडले तर.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत एक तरुण इथल्या पाठशाळेत शिकायला आला. पुढे तो हिंदीतला फार मोठा कादंबरीकार झाला. त्यांचे नाव इथे घेत नाही. माझे भांडण त्यांच्याशी नाही. गरीब विद्यार्थ्याने आठवड्याचा एकेक वार एकेका घरी जेवावे, ही आमच्या लोकांची काशीतली जुनी पद्धत. आमच्या घरी त्यांचा गुरुवार होता.

त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीत एक प्रकरण आहे. भुकेला विद्यार्थी आपल्या वाराच्या घरी येतो. गल्लीभर फोडणीचा वास सुटलेला असतो, पण दार बंद असते. तो हाक मारतो. वरच्या खिडकीतून एक मराठी बाई त्याच्याकडे न पाहताच ‘आज नहीं’ म्हणते आणि खिडकी लावून घेते. तो घाटावर जाऊन गंगेचे पाणी पितो आणि पायऱ्यांवर उपाशी निजतो. हे प्रकरण शाळेच्या पुस्तकात होते. आमच्या शाळेत गृहपाठ मागितला की मुली एकमेकींना कोपराने ढोसत पुटपुटत, ‘आज नहीं!’ शिक्षिकांच्या खोलीत चहा संपला की शिपाईणबाईही तेच म्हणत. मी सगळ्यांबरोबर हसत असे. हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

ते कादंबरीकार वारल्यावर कुणा अभ्यासकाने त्यांच्या पत्रांवरून गल्ली शोधली, मग घर शोधले. त्यानंतर दर रविवारी सकाळी पायी सहल निघू लागली. ती मुन्शी घाटावरून निघते, काठाकाठाने भोसले घाटापर्यंत येते. तिथल्या ज्या पायरीवर ते निजले असे सांगतात, तिचे छायाचित्र काढले जाते. नंतर मंडळी गल्ल्यांत शिरतात आणि शेवटी आमच्या खिडकीखाली येतात. माहिती सांगणारा तरुण सभ्य आहे, त्याचा आवाज गोड आहे, आणि नाटकाची त्याला हौस आहे.

“तो यह रही वह खिड़की!” तो म्हणे. मग विद्यार्थ्याची केविलवाणी हाक मारी आणि मंडळींकडे हात करी. पंचवीस-तीस गळे एकदम ओरडत, “आज नहीं!” आणि हशा.

पहिल्या रविवारी आत्याच्या हातात अर्धी वळलेली वात होती. “काय ओरडतायत ग?” तिने विचारले.

“नाटकवाले असतील,” मी म्हटले.

दुसऱ्या रविवारी तिने नीट ऐकले. तिसऱ्या रविवारी ती मंडळी येण्याआधीच उठली, खिडकी लावली, पाट उचलला आणि स्वयंपाकघरात नेला. तिथे ऊन येत नाही. सोमवारी मी खिडकी उघडायला गेले, तर म्हणाली, “असू दे.” त्यानंतर आठवड्यातून एकही दिवस ती खिडकी उघडली नाही. ऐंशी ओलांडलेल्या त्या बाईजवळ दिवसातले तासभर ऊन होते, तेही गेले.

महिनाभराने, मेथी निवडताना, मी धीर केला. “आत्या, ती कादंबरीतली बाई तू का?”

“बाई कसली? एकवीस वर्षांची होते मी.”

“मग ते खरं आहे?”

“खरं आहे. मीच म्हटलं ‘आज नहीं’.” तिने एक पिवळे पान बाजूला टाकले. “स्वयंपाक झाला होता. तुझ्या वडिलांनी नुकतं आमटीत मीठ कमी आहे म्हणून तोंड वाकडं केलं होतं. तेवढ्यात तार आली.”

आत्याचे यजमान रेल्वेत होते, दूर जबलपूरकडे. ती चार महिन्यांसाठी भावाकडे आली होती. ते गेल्याची तार वाचून माझे वडील गाडीची चौकशी करायला स्टेशनवर धावले. आई मला कडेवर घेऊन नातलगांना निरोप द्यायला गेली. घरात आत्या एकटी, चुलीवर आमटी, आणि खालून विद्यार्थ्याची हाक.

“सुतकातलं अन्न त्याला घालायचं होय?” ती म्हणाली. “पाठशाळेतलं पोर ते. कळलं असतं तर प्रायश्चित्त घ्यावं लागलं असतं बिचाऱ्याला.”

“मग कारण का नाही सांगितलंस?”

तिने मेथीच्या दोन काड्या मोडल्या. “तोवर ती फक्त तार होती ग. मी तोंडाने सांगितलं असतं, तर ते खरं झालं असतं.” मग एकदम रागावल्यासारखी म्हणाली, “पण शेजारी पाठवायला हवं होतं त्याला. वार चुकला तर शेजारचं घर दाखवायचं, ही रीत. ती मी विसरले. ती माझी चूक, अन् ती त्याने बरोबर लिहिली. सुतक फिटल्यावर गुरुवार आला, तर त्याचं पान वाढून ठेवलं. आला नाही. पुढच्या गुरुवारीही ठेवलं. तू हे कुणाला सांगू नकोस. गेलेल्या माणसाला खोटं पाडू नये.”

मी मान डोलावली. आयुष्यात वडीलधाऱ्यांपुढे मी तेवढेच केले आहे.

पुढच्या रविवारी मात्र मी मुन्शी घाटावर जाऊन त्या मंडळींत उभी राहिले. कुणी मला ओळखले नाही. ज्या बायका कधी बोलत नाहीत त्यांना कुणी ओळखत नाही. भोसले घाटावर सगळ्यांनी ती पायरी पाहिली, मीही पाहिली. उन्हाळा होता, दगड तापला होता. त्या दगडावर एकोणीस वर्षांचा मुलगा रिकाम्या पोटी निजला होता, हे आमच्या कुठल्याही रीतीने पुसले जाणार नाही, असे मला तिथे स्पष्ट जाणवले. आणि तरीही मी पुढे चालत राहिले.

खिडकीखाली त्या तरुणाने हात वर केला. “रुकिए,” मी म्हटले. पहिल्यांदा ते मलाच ऐकू आले नाही. दुसऱ्यांदा सगळ्यांना ऐकू गेले. “यह खिड़की हमारी है.”

मग जे आत्याने मेथी निवडताना सांगितले, ते मी गल्लीत सांगितले. वाक्ये मोडली, लिंगे चुकली. हिंदी बोलण्यात माझे आयुष्य गेले, पण त्या दिवशी ती परकी वाटली. कॅमेरा गळ्यात अडकवलेले एक गृहस्थ म्हणाले, “दीदी, उपन्यास में तो ऐसा कुछ नहीं है.”

“नहीं है,” मी म्हटले. “वे नीचे खड़े थे.”

मंडळी पांगल्यावर तो तरुण जवळ आला. “माताजी, बुरा मत मानिए. लोग यहाँ हँसने आते हैं.”

“तो हँसें. इस खिड़की के नीचे नहीं.”

वर गेले तर आत्या बंद खिडकीमागेच उभी होती. तिने सगळे ऐकले होते. “चव्हाट्यावर मांडलंस माझं सुतक!” एवढे बोलून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी क्षमा मागितली नाही. तिला न जुमानण्याची माझी ती पहिलीच वेळ. तिसऱ्या दिवशी ताट वाढता वाढता तिने विचारले, “तू सांगितल्यावर हसले का ते?”

“नाही.”

“हं.” आणि आमटीचा डाव जरा जोरातच ताटात आपटला.

शनिवारी सकाळी पाट परत खिडकीशी आलेला दिसला. “खिडकी उघडू?” मी विचारले.

“मग बंद खिडकीतून ऊन येतं होय?”

सहल काढणाऱ्यांकडून लेखी निरोप आला. भाषा आदराची होती. हा मुक्काम लोकांना फार आवडतो, आपण त्यात व्यत्यय आणू नये, आणि साहित्याला साहित्य म्हणून पाहावे, असा त्याचा आशय होता. मी तो दोनदा वाचला आणि डाळीच्या डब्याखाली घातला. साहित्याला साहित्य म्हणून मी चाळीस वर्षे पाहिले आणि त्यावर हसले. आता मी खिडकीला खिडकी म्हणून पाहते.

दर रविवारी मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहते. तो तरुण आता तिथे थांबतो आणि म्हणतो, “आगे इनकी सुनिए.” त्याने आपल्या मालकांना काय सांगितले आहे, ते मी विचारलेले नाही. मी दोन्ही गोष्टी सांगते: तो मुलगा उपाशी राहिला हेही, आणि तार आली होती हेही. शेजारचे घर दाखवायला हवे होते, ती चूकही सांगते, कारण आत्या वरून ऐकत असते आणि ती गाळलेली तिला चालत नाही. एकदा घाईत गाळली, तर वरून आवाज आला, “अन् शेजारचं?” काहींना हे आवडत नाही. त्यांना नाटक हवे असते, आणि ते परत जाताना तसे बोलूनही दाखवतात. त्यांनी बोलावे. मी हटत नाही.

शेवटी मी त्यांना एक प्रश्न विचारते. लोक वर खिडकीकडे पाहतात, मग आपल्या चपलांकडे. तुम्हीही आता आमच्या खिडकीखाली उभे आहात, म्हणून तुम्हालाही विचारते. त्या गुरुवारी, हातात तार घेऊन, तिथे वर तुम्ही असता, तर खाली उभ्या असलेल्या त्या भुकेल्या मुलाला काय म्हणाला असता?